‘तीन फूट पुरे’ म्हणणाऱ्या जेसीबीवाल्याला काय सांगायचं?

पत्र: अमळनेर तालुक्यात गावालगत आमचा ६ गुंठ्यांचा प्लॉट आहे, ६६ बाय ९९ फुटांचा. काही वर्षांपूर्वीपर्यंत तिथे कापूस लागायचा, आता एनए (बिगरशेती) झालंय. प्लॉटवर वेडी बाभूळ माजलीय. तीन जुन्या बाभळी आहेत, एक कडुनिंब आहे आणि मागच्या कोपऱ्यात सासऱ्यांच्या काळातली बांधीव विहीर आहे. आम्हाला ३० बाय ४५ फुटांचं घर बांधायचंय, पुढे वर एक मजला चढवता येईल असं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) कुदळ मारायचा बेत आहे. जेसीबीवाला म्हणतो, “तीन फूट खड्डे पुरे. निघालेली माती जोत्यातच भरून टाकू, पैसे वाचतील.” दीर म्हणतात, पाच फूट तरी जा. शेजारच्या घराचं दार श्रावणात अडकतं आणि उन्हाळ्यात मोकळं होतं, खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या चिरा गेल्यात. साफसफाईपासून पाया भरेपर्यंत क्रम काय ठेवावा, किती खोल जावं, मातीचं काय करावं आणि जेसीबी तासावर घ्यावा की ठोक?
– एक वाचक भगिनी, अमळनेर तालुका

ताई, निम्मं उत्तर शेजारच्या दारानेच देऊन टाकलंय. श्रावणात अडकणारं आणि वैशाखात सुटणारं दार दिसलं, की त्या घराखालची माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते असं समजायचं. ते घर बहुधा तीन फुटांवरच उभं आहे.

आपल्या तापी, गिरणा, बोरीच्या पट्ट्यातल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं चिकण खनिज असतं. त्याच्या पापुद्र्यांत पाणी शिरलं की माती फुगते, पाणी गेलं की आटते. वैशाखात वावराला पडणाऱ्या, हात जाईल एवढ्या भेगा त्यामुळेच पडतात. काळी माती घराचं वजन पेलत नाही, असं सरसकट बोललं जातं. खरं तर कोरडी असताना ती साधं घर सहज पेलते. घोटाळा होतो तो ती फुगून वर ढकलते तेव्हा, आणि घर जितकं हलकं तितकं ते लवकर उचललं जातं. त्यात घराच्या मधल्या भागाखालची माती झाकलेली असते, म्हणून तिचा ओलावा फारसा बदलत नाही. कडेची माती मात्र पावसात भिजते, उन्हात सुकते. कडा वरखाली होतात, मधला भाग जागेवर राहतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते. तेव्हा किती खोदायचं, काय भरायचं, खड्डा किती दिवस उघडा ठेवायचा, हे सगळं एकाच कसोटीवर ठरवा: यामुळे पायाखालच्या मातीचा ओलावा बदलेल का?

खोल काळ्या मातीत ऋतूप्रमाणे ओलावा बदलणारा थर साधारण साडेतीन मीटर, म्हणजे ११-१२ फुटांपर्यंत धरतात. त्यातही सगळ्यात जास्त हालचाल वरच्या चार-पाच फुटांत असते. जेसीबीवाल्याचे तीन फूट नेमके या चुळबुळत्या थराच्या मधोमध येतात. दिरांचे पाच फूट बरे, पण तेही अंदाजाचेच. मुरूम सहा फुटांवर असेल, तर पाचावर थांबणं म्हणजे एका फुटासाठी सगळं घालवणं. आणि वीस फुटांपर्यंत काळीच असेल, तर पाचाने काहीच साधत नाही. खान्देशात हा फरक फार मोठा आहे. रावेर, यावल, चोपड्याच्या तापीकाठच्या पट्ट्यात गाळाचा थर इतका जाड आहे की घराच्या पायासाठी कितीही खोदलं तरी कातळ लागत नाही. साक्री किंवा चाळीसगावच्या माळावर बऱ्याच ठिकाणी दोन-तीन फुटांत मुरूम हाती येतो. अमळनेरला नदीकाठ आणि उंचवटा यांत एकाच गावात दोन्ही प्रकार सापडू शकतात. म्हणून शेजाऱ्याचं माप आपल्या प्लॉटला लावू नका.

आधी चाचणीचे खड्डे घ्या. जेसीबी साफसफाईला येईल तेव्हाच, घराच्या आखणीच्या बाहेर पण जवळ, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दहा-दहा फुटांचे दोन खड्डे. साधा बॅकहो जेसीबी पंधरा फुटांच्या आसपास खोल जातो, त्यामुळे वेगळं यंत्र लागत नाही. दर दोन फुटांची माती वेगळ्या ढिगात टाकायला सांगा आणि ढिगांना खोलीच्या चिठ्ठ्या लावा. काळी माती संपून पिवळसर, चुनखडीचे खडे असलेली माती येते, मग मुरूम लागतो. मुरूम हातात चोळला तर कण टोचतात, बोटांना चिकटत नाही आणि कुदळ मारली की खणकन आवाज येतो. पिवळी माती दिसली की “मुरूम लागला” म्हणण्याची घाई मिस्त्री लोक करतात. ती पिवळीही पुष्कळदा फुगते. दोन्ही खड्ड्यांत मुरमाची खोली मोजून लिहून ठेवा. दोन-तीन फुटांचा फरक निघाला तर घराच्या मधोमध तिसरा खड्डा घ्या. मात्र तो बरोबर भरला नाही तर जमिनीखाली पाण्याचा हौद तयार होतो. तेव्हा सगळे चाचणी खड्डे थर देऊन, चोपून भरा.

या खड्ड्यांत कुणीही उतरू नये, तुमचे मिस्त्रीही नाहीत. कोरडी काळी माती भिंतीसारखी सरळ उभी राहते, म्हणून भरवशाची वाटते. पण आत भेगा असतात आणि पुढचा काप एकदम, आवाज न करता सुटतो. एक घनफूट मातीचं वजन ५० किलोच्या आसपास असतं. छातीवर चार घनफूट आली तरी माणसाला श्वास घेता येत नाही. माती बादलीतून वर येते, ती वरच तपासा.

माती किती फुगते याची ढोबळ कल्पना घरीही येते. चार-पाच फुटांवरची माती वाळवून कुटा आणि अगदी बारीक चाळून घ्या. दहा-दहा ग्रॅम दोन मोजपात्रांत टाका, एकात रॉकेल आणि दुसऱ्यात शुद्ध पाणी भरा, ढवळून बुडबुडे काढा आणि २४ तास हलवू नका. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही, पाण्यात फुगते. रॉकेलात थर १० मिलिलिटर बसला आणि पाण्यात १५, तर फुगवटा ५० टक्के. पन्नासच्या वर गेलात तर साध्या फुटिंगचा (कॉलमखालच्या रुंद काँक्रीटच्या बैठकीचा) विचार इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नका. प्रयोगशाळेतही हीच चाचणी थोड्या काटेकोरपणे करतात. त्यासोबत मातीची भार पेलण्याची क्षमताही काढून घ्या, कारण तुम्हाला पुढे वरचा मजला चढवायचा आहे.

आता किती खोल. मुरूम सात फुटांच्या आत लागला तर प्रश्न सोपा आहे: प्रत्येक कॉलमचा खड्डा मुरमात अर्धा ते एक फूट शिरेपर्यंत न्यायचा आणि सगळ्या फुटिंग त्याच मुरमावर बसवायच्या. अर्ध्या मुरमावर, अर्ध्या काळीत असं चालणार नाही. मुरूम सात ते दहा फुटांवर असेल तर खोल खड्ड्यांचा खर्च आणि पाइलचा (जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांचा) खर्च दोन्ही इंजिनिअरकडून मांडून घ्या. दहाच्या खालीही काळीच असेल तर अंडर-रीम्ड पाइल. ऑगरने, म्हणजे जमिनीत भोक पाडणाऱ्या गिरमिटाने घेतलेलं बारीक भोक, तळाशी काढलेला भोकाच्या अडीच पट रुंदीचा फुगा, त्यात सळई आणि काँक्रीट. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने ही पद्धत काळ्या मातीसाठीच रुळवली. साडेतीन मीटरची पाइल हालचालीच्या थराच्या खाली घट्ट धरून राहते. वरचा प्लिंथ बीम (जोत्याच्या पातळीवरची आडवी तुळई) मात्र मातीला टेकू द्यायचा नाही. बीमखाली तीन इंच पोकळी हवी, नाहीतर फुगलेली माती बीमच उचलते आणि पाइलचा खर्च पाण्यात जातो. मुरूम फार खोल आणि पाइलवाला मिळत नाही अशा ठिकाणी तिसरा मार्ग आहे: काळी माती मीटरभर काढून तिथे न फुगणारा चिकण मुरूम थर देऊन चोपायचा. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांच्या संशोधनातून हा ‘न फुगणारा चिकट थर’ पुढे आला आणि कालव्यांच्या कामांत वापरला गेला. घराखाली वापरायचा तर जाडी आणि मुरमाची जात इंजिनिअरने ठरवायची.

साफसफाईकडे येऊ. त्याआधी हद्द कायम मोजणी. भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज केल्यापासून मोजणीदार येईपर्यंत वेळ जातो, म्हणून अर्ज आजच करा आणि मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत हातात आल्यावर खुणांवर दगड गाडा. जेसीबी आला की बांधावरच्या जुन्या खुणा पहिल्या तासात नाहीशा होतात. दुसरं, हे कापसाचं वावर होतं. खान्देशात एका विहिरीवरून दुसऱ्याच्या वावरातून पाइपलाइन नेणं नेहमीचं आहे. तुमच्या बांधालगत दोन-अडीच फुटांवर कुणाची पीव्हीसी लाइन गाडलेली असेल, तर बादलीचा एक दात तिला फोडेल आणि पाणी तुमच्या पायात मुरेल. आजूबाजूच्या चार शेतकऱ्यांना विचारा. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्याच्या माणसाला आणि महावितरणच्या वायरमनला जागेवर बोलवा. वरून तार जात असेल तर जेसीबीचा हात तारेपासून किमान दहा फूट लांब राहील अशी जागा चुन्याने आखून द्या. पत्रात तारेचा उल्लेख नाही, पण वर बघायचं नेमकं राहून जातं.

झाडांचं. बाभळी तोडण्याआधी तलाठ्याकडे चौकशी करून परवानगीचं काय ते लेखी घ्या. आंबा, चिंच, मोह, जांभूळ, साग अशी झाडं १९६४ च्या राज्याच्या झाडतोडीच्या कायद्याच्या यादीत आहेत, आणि नगरपरिषदेच्या हद्दीत असाल तर १९७५ च्या कायद्याप्रमाणे तिथल्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. वेडी बाभूळ नुसती छाटली तर पुन्हा फुटते. तिचं खोड मुळाच्या गड्ड्यासकट उपटायचं. जुन्या बाभळीचं खोड जेसीबीने एका बाजूने खणून, मुळं तोडून मग उलथवायचं, सरळ ओढू नये. ओढलं की पाच-सहा फुटांचा मोठा काप निघतो आणि जमीन लांबपर्यंत सैल होते. बोटापेक्षा जाड मुळं घराच्या आखणीत राहू देऊ नका. ती कुजली की पोकळी होते आणि ओल्या लाकडावर वाळवी येते. उरलेला खड्डा मुरमाने, सहा-सहा इंचांचे थर चोपत भरा. बहुतेक जण या खड्ड्यात पालापाचोळा आणि वरची माती लोटून मोकळे होतात, आणि मग त्या जागी फरशी खचते.

कडुनिंब मात्र ठेवावा असं आमचं मत आहे, आणि त्याला कारण सावलीपेक्षा मातीचं आहे. मोठं झाड वर्षानुवर्षं आजूबाजूची माती सुकवत असतं. ते तोडलं की ती माती पुढचे कित्येक पावसाळे हळूहळू पाणी पिऊन फुगत राहते. झाड तोडून त्याच जागी लगेच पाया घेणं हा काळ्या मातीतला सगळ्यात महाग पडणारा शॉर्टकट आहे. पण झाड भिंतीला खेटून असेल तर उन्हाळ्यात तेवढाच कोपरा बसतो. साधा नियम असा, की झाडाची पूर्ण वाढीतली उंची जितकी, तितकं अंतर घरापासून असावं. तुमच्याकडे ६,५३४ चौरस फुटांत १,३५० चौरस फुटांचं घर आहे, सरकवायला जागा आहे. पूर्ण अंतर नाहीच मिळालं तर निंबाकडच्या बाजूच्या फुटिंग मुरमात नक्की टेकल्यात की नाही, हे डोळ्यांनी पाहूनच काँक्रीट टाकू द्या.

विहीर बुजवू नका. बांधकामाला पाणी लागणारच आहे. पण ते पाणी आधी तपासून घ्या. आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे सळईच्या काँक्रीटला वापरायच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर नको आणि सामू ६ च्या खाली नको. खारट पाण्याने सळई आतून गंजते. जुन्या बांधीव विहिरीच्या काठापासून निदान वीस फुटांत जेसीबी आणि भरलेली ट्रॉली फिरकू देऊ नका, चारी बाजूंनी बांबू आणि दोरी बांधा. गावठाणालगतच्या जमिनीत आणखी एक गोष्ट निघते: धान्याची जुनी पेवं, आड आणि उकिरडे. जमिनीत मध्येच राखाडी-पांढरी, भुसभुशीत, खापरं आणि राख मिसळलेली माती लागली तर ती गावाची पांढरी. ती कोरडी असताना टणक लागते आणि भिजली की एकदम बसते. ती जिथे संपेल तिथपर्यंत खड्डा न्यायचा, मध्येच थांबायचं नाही.

झाडं-झुडपं गेली की घराच्या आखणीपेक्षा चारी बाजूंनी पाच फूट जास्त, म्हणजे ४० बाय ५५ फूट जागेतली वरची ९ इंच माती खरवडा. ही साडेसोळा ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) माती मुळं, गवताचं बी आणि सेंद्रिय अंश असलेली असते. जोत्यासाठी निरुपयोगी, परसबागेसाठी उत्तम. प्लॉटच्या एका टोकाला वेगळा ढीग करा, पायाच्या मातीत मिसळू देऊ नका.

आखणी, म्हणजे लाइनआउट, मिस्त्रीवर सोपवून घरी जाऊ नका. ३० बाय ४५ चे दोन्ही कर्ण ५४ फूट १ इंच आले पाहिजेत. अर्ध्या इंचापेक्षा जास्त फरक असेल तर चौकोन तिरपा आहे. कोपऱ्याचा काटकोन ६-८-१० फुटांच्या त्रिकोणाने पाहा. कॉलमच्या मध्यरेषा खड्ड्यांपासून पाच-सहा फूट दूर पक्क्या बुर्ज्यांवर उतरवून घ्या, कारण खोदाई सुरू झाली की चुन्याच्या रेषा उरत नाहीत. जोत्याची उंची रस्त्याच्या मधल्या भागापासून पाण्याच्या नळीने मोजा आणि निदान दोन ते अडीच फूट वर ठेवा. गावातला रस्ता प्रत्येक डांबरीकरणाला चढत जातो. याच वेळी सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्याची जागाही ठरवा. शोषखड्डा विहिरीपासून १८ मीटर आणि घरापासून ६ मीटर तरी लांब हवा. विहीर मागे आहे, म्हणजे तो पुढच्या बाजूला येणार. निव्वळ काळ्या मातीत शोषखड्ड्याचं पाणी मुरतच नाही, तोही मुरमापर्यंत न्यावा लागतो.

आता प्रत्यक्ष खोदाई. समजा मुरूम साडेपाच फुटांवर लागला आणि इंजिनिअरने १२ कॉलम, तळाला ६ बाय ६ फुटांचे, ६ फूट खोल खड्डे दिले. पाच फुटांपेक्षा खोल खड्ड्याच्या भिंतींना आधार हवा किंवा पायरी द्यावी, असं आयएस ३७६४ सांगतं. घराच्या कामात पायरी सोपी पडते: वरचे तीन फूट ८ बाय ८, खालचे तीन फूट ६ बाय ६. एका खड्ड्याची ३०० घनफूट, बाराची ३६ ब्रास. निघालेली माती सैल होऊन फुलते, म्हणून ढीग ४६-४७ ब्रासचा होईल. तो खड्ड्याच्या काठापासून किमान पाच फूट दूर पडला पाहिजे. माती काठावर टाकली की तिच्या वजनाने भिंत आत येते. आत काम करणाऱ्यांसाठी प्रत्येक खड्ड्यात शिडी ठेवा.

जेसीबीच्या बादलीचे दात तळाची सहा इंच माती सैल करतात. म्हणून यंत्राने ठरलेल्या खोलीच्या ९ इंच वर थांबायचं आणि उरलेलं कुदळ-फावड्याने, काँक्रीट टाकायच्या दिवशी काढायचं. एका खड्ड्यात ते फक्त पाव ब्रास निघतं. इथेच आपल्याकडे सगळ्यात जास्त बिघडतं. वैशाखात पारा ४४-४५ वर असताना बाराही खड्डे पूर्ण खोदून ठेवतात, सळईवाला आठ दिवसांनी येतो, तळाची काळी माती भाजून भेगाळते आणि त्याच तळावर पीसीसी (सळईविना साधं काँक्रीट) पडतं. जूनमध्ये ती भाजलेली माती पाणी पिते आणि फुटिंग उचलते. तळ मुरमात असेल तर सुकण्याची भीती कमी, पण काळीत असेल तर हाताने साफ केल्याच्या दिवशीच चार इंच पीसीसी पडलं पाहिजे. तोवर खड्ड्यावर ताडपत्री टाकून ठेवा. जास्त खोदलं गेलं तर मातीने भरून पातळी आणू नका, तिथे पीसीसीच जाड टाका. वळवाचा पाऊस खड्ड्यात साचला तर पाणी उपसा, मऊ झालेला चिखल कोरडी, घट्ट माती लागेपर्यंत खरवडून काढा. वरून सिमेंट भुरभुरून काही होत नाही. खड्ड्यांभोवती अर्ध्या फुटाचा मातीचा बांध आधीच घालून ठेवा.

वाळवीची फवारणी पीसीसीच्या आधी करतात. खड्ड्याचा तळ आणि खालच्या फूटभर बाजूंवर, आयएस ६३१३ प्रमाणे चौरस मीटरला ५ लिटर द्रावण. औषधाचं प्रमाण डब्याच्या लेबलप्रमाणेच घ्या. फवारा उडू नये म्हणून वारा पाहा आणि विहिरीकडची बाजू सगळ्यात शेवटी, संभाळून करा. जोतं भरल्यावर सोलिंगच्या (दगडांच्या थराच्या) आधी हीच फवारणी पुन्हा.

मातीबद्दलचं उत्तर स्पष्ट आहे: निघालेली काळी माती जोत्यात एक घमेलंही जाऊ देऊ नका. जेसीबीवाल्याचे “पैसे वाचतील” हे शब्द पहिल्या पावसाळ्यापर्यंतच खरे असतात. मग फरशी फुगते, दरवाजे टेकतात, आतल्या भिंती जोत्यापासून सुटतात. जोत्यात आणि खड्ड्यांत मुरूमच. तोही थोडा चिकण असलेला, कारण निव्वळ दगडगोटे किंवा वाळू भरली तर प्रत्येक खड्डा काळ्या मातीतली छोटी विहीर होतो आणि पाणी पायाशी साठतं. हिशोब असा: खरवडलेले ९ इंच आणि अडीच फुटांचं जोतं मिळून सव्वातीन फूट, त्यातून सोलिंग, पीसीसी आणि फरशीचे १६ इंच वजा केले तर मुरूम उरतो जवळजवळ दोन फूट. आतल्या १,२५० चौरस फुटांना चोपलेला २४ ब्रास. खड्ड्यांत काँक्रीटची जागा वजा जाता आणखी ३० ब्रास. चोपलेले ५४ ब्रास हवेत तर ट्रॉलीने सैल ७० ब्रास आणावा लागतो. पुष्कळ जण वीस-पंचवीस ब्रासचा अंदाज धरतात आणि मग पैसे संपल्यावर काळी माती आत जाते. खर्च कमी करायचा असेल तर जोतं अर्ध्या फुटाने खाली घ्या, मुरमाच्या जागी माती घेऊ नका.

मुरूम आठ इंचांचा सैल थर टाकून सहा इंचांपर्यंत चोपायचा. ओलावा तपासायला मूठ वळा: गोळा झाला पाहिजे, कमरेएवढ्या उंचीवरून टाकला तर दोन-तीन तुकडे व्हायला हवेत. भुगा झाला तर कोरडा आहे, चपटा झाला तर जास्त ओला. चिकण मुरमाला धुम्मस किंवा उडता रॅमर चांगला, प्लेट व्हायब्रेटर वाळूसारख्या भरावाला चालतो. आणि जोत्यात पाणी सोडून “भराव बसवणं” ही सवय काळ्या जमिनीत मोडाच. ते पाणी मुरमातून खाली जाऊन नेमकं त्या मातीत मुरतं, जिचा ओलावा आपल्याला बदलू द्यायचा नाही. याच कारणासाठी भिंतीबाहेर चारी बाजूंनी चार फूट रुंद, बाहेरच्या बाजूला उतार दिलेला काँक्रीटचा पट्टा करा आणि भिंतीलगत फुलझाडांचे वाफे करू नका.

मुरूम घेताना स्वामित्वधनाची पावती आणि वाहतुकीचा पास मागा. विनापास गौण खनिजाची गाडी महसूल खात्याने अडवली तर काम थांबतं. तुमची काळी माती प्लॉटबाहेर न्यायची असेल तर आधी तहसील कार्यालयात विचारा. माळरानाच्या हलक्या वावराला ती सोन्यासारखी आहे, घेणारा शेतकरी सहज मिळेल.

आखाजीचा मुहूर्त पाळा, पण मोजणी, साफसफाई, चाचणी खड्डे आणि इंजिनिअरचा नकाशा हे सगळं त्याआधी आटपा. आखाजी ते मृगाचा पाऊस यात चार ते सात आठवडे मिळतात आणि तेवढ्यात जोतं भरून वर आलं पाहिजे. नकाशा आखाजीनंतर सुरू होणार असेल तर नुसती कुदळ मारा, आणि खोदाई पावसाळा उलटल्यावर दिवाळीनंतर करा. अर्धा पाया पावसात उघडा ठेवण्यापेक्षा ते परवडतं.

जेसीबीचं म्हणाल तर साफसफाई आणि खरवड ठोक द्या, कारण काम डोळ्यांना दिसतं. खड्डे तासावर घ्या. ठोक दिले की चालक घाईत जास्त खोदतो आणि ती चूक तुम्ही काँक्रीटने भरता. मीटरचा आकडा यंत्र प्लॉटवर उतरल्यावर आणि निघताना स्वतः लिहून घ्या, डिझेल आणि येण्या-जाण्याचे तास कुणाकडे हे आधी बोला. बाराही खड्डे एका फेरीत ९ इंच वर ठेवून खोदून घेतले तर यंत्राची दुसरी फेरी वाचते. आणि मुरमाच्या ट्रॉलीला ‘एक ब्रास’ या शब्दावर पैसे देऊ नका, टेप लावा: लांबी गुणिले रुंदी गुणिले भरावाची उंची, भागिले १००. नऊ फूट बाय साडेपाच फूट ट्रॉली दोन फूट भरली असेल तरच ब्रास होतो. वरचा ढीग सपाट करून मगच उंची मोजा.